सांजेचा घास

"तुमच्या उपवासाचं पाप माझ्या माथ्यावर नको, आत्ती... मी जाते."

एवढं बोलून अरुणानं पत्र्याची ट्रंक उचलली खरी, पण तिचा पाय उंबऱ्यापाशी अडला. शुक्रवार पेठेतल्या त्या दोन खोल्यांत ती जयपालची बायको म्हणून आली होती, तिथंच विधवा झाली होती, आणि आता तिथूनच स्वतःच्या पायांनी बाहेर पडत होती. भिंतीला टेकून बसलेल्या सासूनं, पद्मावतीबाईंनी, मान वर केली नाही. एक शब्द... 'थांब' एवढा एक शब्द त्या बोलल्या असत्या, तर ती ट्रंक तिथंच खाली ठेवली गेली असती!

"जातीस तर जा," आत्ती म्हणाल्या. "पुस्तकं समदी घेतलीस न्हवं? मागनं ऱ्हायली म्हणून हेलपाटं नकोत."

म्हणजे परत यायचीसुद्धा बंदी... अरुणानं डोळ्यांतलं पाणी डोळ्यांतच जिरवलं आणि ती जिना उतरली.

हे घडलं चौऱ्याहत्तर सालच्या जून महिन्यात. पण त्याचं मूळ दोन वर्षं मागं होतं.

जयपाल मगदूम शिरोलीच्या एका कारखान्यात फिटर होता. काविळीचं निमित्त झालं आणि पंधरा दिवसांत सोन्यासारखा माणूस गेला. मूलबाळ नव्हतं. मागं राहिल्या दोघी, तिशीला टेकलेली सून आणि साठी ओलांडलेली सासू. धाकटा दीर बापूसो शिरोलीला बायकोपोरांसह राहायचा, रविवारी येऊन आईला भेटून जायचा. अरुणा एका छापखान्यात छापील कागदांच्या घड्या घालायच्या कामाला लागली. लग्नाआधी ती इंटरपर्यंत शिकलेली होती. घड्या घालताना कागदावरचं वाचायची सवय तिला काही सोडवत नसे, आणि त्यावरून मुकादमाची बोलणीही खावी लागत.

त्याच छापखान्यात एकदा एका कॉलेजचं पत्रक छापायला आलं. नोकरी करणाऱ्यांसाठी संध्याकाळचे वर्ग, गरजूंना वर्षभर पुस्तकं, अर्ज लिहायला मदत, नोकरीबद्दल सल्ला. अरुणानं त्या पत्रकाच्या पाचशे घड्या घातल्या आणि पाचशे एकावी स्वतःच्या पिशवीत टाकली.

कॉलेजात वाचनालयाशेजारी एक चिंचोळी खोली होती. तिथं नंदिनीबाई बसत. बाई मराठी शिकवायच्या, पण त्यांचा जीव होता त्या खोलीत. एस.टी.चा ड्रायव्हर गुंडू, दवाखान्यातली आया, भाजीवाला, शिपाई, सगळे तिथं यायचे. दहा-बारा वर्षांनी पुन्हा वही हातात धरलेल्या या माणसांना बाई निबंध कसा लिहायचा इथपासून साहेबासमोर खुर्चीवर कसं बसायचं इथपर्यंत सगळं शिकवायच्या. बाईंनी अरुणाचं नाव बी.ए.ला घातलं, पुस्तकांचा गठ्ठा तिच्या हातात दिला आणि बजावलं, "घरची अडचण आली तर आधी माझ्याकडे यायचं. परस्पर कॉलेज सोडायचं नाही."

अडचण यायला महिनाही लागला नाही.

जैनाचं घर ते, दिवस मावळायच्या आत जेवणं उरकायची. त्यातून आत्तींचा नेम कडक. सकाळी शिजवलेलं दुपारी चालायचं, संध्याकाळी त्याला त्या शिवायच्या नाहीत, ताजंच हवं. आणि स्वतः करावं तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एकदा स्टोवर पदर पेटता पेटता वाचला, तेव्हापासून जयपालनंच आईला स्वयंपाकापासून दूर केलेलं. छापखाना सुटायचा पाचाला आणि कॉलेज भरायचं पावणेसहाला. अरुणा धावत घरी यायची, भाकरी-आमटी करायची, आत्तींना वाढायची आणि पुन्हा धावत सुटायची. पोचेपर्यंत वर्गातले पहिले दोन तास होऊन गेलेले असत. श्रावणात कॉलेजची नोटीस आली. हजेरी अशीच राहिली तर परीक्षेला बसता येणार नाही.

रविवारी बापूसोनं ती नोटीस मोठ्यानं वाचली आणि म्हणाला, "सोडा की मग, वैनी. ह्या वयात शिकून कुटं कलेक्टर हुणार हाईसा?"

भांडी घासता घासता अरुणाला आवरेना, आणि नळ सोडून त्याच्या आवाजात तिनं पोटभर रडून घेतलं.

दुसऱ्या दिवशी आत्ती बस्तीतल्या भगवानांचं दर्शन करून आल्या त्या तोंड घट्ट मिटूनच. पाट ओढून बसता बसता म्हणाल्या, "आजपास्नं सांजचं माजं करू नको."

"का हो, आत्ती?"

"मला नको. मी एकदाच जेवणार. तू जा कुटं जायाचं तितं."

त्या वाक्यानं अरुणा आतून उन्मळून पडली. तिला वाटलं, हा रोष आहे. कॉलेजापायी तिनं स्वतः मावळतीचा नेम मोडला होता, रात्री परतून गार भाकरी खायची वेळ तिच्यावर येई... त्याचीच ही शिक्षा. आपल्या हातचं अन्न आत्तींना नकोसं झालं! तिनं हातापाया पडून विनवलं, दोन दिवस कॉलेज बुडवून गरम गरम ताट पुढं ठेवलं. आत्तींनी ताट बाजूला सारलं आणि उलट तिच्यावरच डाफरल्या, "कालिज का बुडिवलंस? मी सांगितलं न्हवं, नको म्हणून?"

मग ते रोजचंच झालं. अरुणा वर्गात वेळेवर बसू लागली, पण फळ्याकडं पाहताना तिला मावळतीला भिंतीशी बसलेली उपाशी म्हातारी दिसायची. पेठेत कुजबुज सुरू झाली. बापूसो तर तोंडावर म्हणाला, "सून कालिजात आन् सासू उपाशी. लई नाव काढलंसा मगदुमांचं." आत्तींनी हे ऐकलं आणि त्या गप्प बसल्या. त्या गप्प बसण्यानं अरुणाला जितकं जाळलं तितकं बापूसोच्या बोलण्यानं नाही. पहिल्या वर्षी ती कशीबशी पास झाली. दुसऱ्या वर्षी अर्थशास्त्रात नापास झाली. निकालाचा कागद घेऊन ती नंदिनीबाईंच्या खोलीत गेली आणि दोन वर्षांचं सगळं साठलेलं बोलून मोकळी झाली.

बाईंनी ऐकून घेतलं. बाई मनानं गंगेसारख्या, पण घाईच्या. शिकणाऱ्या बायकांच्या सासवा त्यांनी आजवर पुष्कळ ऐकल्या होत्या, तेव्हा हीही त्यातलीच, हे त्यांनी अर्ध्या गोष्टीतच ठरवून टाकलं.

"हे उपवास नव्हेत, अरुणा. हा तुला कॉलेज सोडायला लावायचा मार्ग आहे," बाई म्हणाल्या. "नोकरी करणाऱ्या बायकांच्या वसतिगृहात तुझी सोय करते. वर्षभर नीट अभ्यास कर. घर काय, पुढं जोडता येईल."

आणि अरुणा बाहेर पडली.

आत्तींना बापूसो शिरोलीला घेऊन गेला. अरुणा दर महिन्याला पगारातले पैसे त्याच्याकडं पाठवत राहिली, पण स्वतः मात्र गेली नाही. कोणत्या तोंडानं जायचं? आणि गेल्यावर पुन्हा ते मिटलेलं तोंड बघायचं? वसतिगृहात दिवस शांत गेले. राहिलेला विषय सुटला, शेवटचं वर्षही उजाडलं. नंदिनीबाईंनी सरकारी कचेरीतल्या कारकुनाच्या जागेसाठी तिचा अर्ज भरून घेतला आणि मुलाखतीची तालीम सुरू केली. बाई मोठ्या साहेब, गुंडू धाकटा साहेब. गुंडूनं कुणाचा तरी कोट अंगात चढवला होता आणि सोयरीक ठरवायला बसल्यागत तो पुनःपुन्हा "बोला, पावणं" म्हणत होता. सगळी खोली हसत होती.

"शिक्षणाला घरातून पाठिंबा कोणाचा होता?" बाईंनी विचारलं.

अरुणानं मान खाली घातली. "कुणाचा नाही. एकटीनंच केलं."

"हेच उत्तर, पण मान वर करून," बाई म्हणाल्या. "यात लाजण्यासारखं काय आहे? अभिमानानं सांग."

बाईंनी ते वाक्य तिच्याकडून तीनदा म्हणवून घेतलं. शेवटी ते तिला छान जमलं. खऱ्या मुलाखतीत तीन साहेबांसमोर ताठ बसून तिनं तेच उत्तर दिलं, आणि मधले साहेब कौतुकानं म्हणाले, "शाबास." निकाल हाती आला की रुजू व्हा, असं पत्र आठ दिवसांत आलं.

शहात्तरच्या जूनमध्ये निकाल लागला. अरुणा दुसऱ्या वर्गात पास झाली. बाईंच्या खोलीत पेढे वाटले जात असताना दारात बापूसो येऊन उभा राहिला. कारखान्यातून तसाच आला होता, हाताला काळं, दाढी वाढलेली. दोन वर्षांत तो तिच्याशी धड बोलला नव्हता. आता तो वहाणा बाहेर काढून आत आला.

"वैनी, निकाल लागला म्हनं. पास का नापास, एवढंच सांगा. आई जेवायची थांबलीया."

"थांबल्यात म्हणजे?"

बापूसोची मान खाली गेली. "तुमी गेल्यावर आमच्याकडं आनली की तिला. आमची बायकू सांजचं ताट वाडत्या, ही हात लावत न्हाय. मी म्हटलं, पैल्यांदा वैनीचा राग हुता, आता आमचा कसला? दोन वर्सं इचारतुया, बोलतच न्हाय. परवा घेरी येऊन पडली तवा मी बस्तीत जाऊन उपाध्यांना गाठलं. त्यांनी सांगितलं... भगवानासमोर नेम केलाय म्हनं तिनं. सून बी.ए. हुईस्तवर एकाशन. दिवसातनं एकदाच जेवायचं. सांजचा सैपाक न्हाय केला तर तिचं कालिज बुडणार न्हाय, असं बोल्ली हुती त्यांच्याम्होरं."

अरुणाच्या हातातला पेढ्याचा पुडा गुंडूनं हळूच काढून घेतला.

चार वर्षं... चार वर्षं ती माउली अर्धपोटी राहिली होती, आणि सुनेनं त्या भुकेला द्वेष म्हटलं होतं! ज्या घरात तिचा आधार मुकाट बसला होता त्याच घराला लाथ मारून ती निघाली होती, आणि तीन परक्या माणसांसमोर मान वर करून म्हणाली होती, 'कुणाचा नाही.' त्या 'शाबास'कीनं आता तिच्या कानशिलात आग पेटली. साहेबांकडं जाऊन ते शब्द परत मागता आले असते तर ती अनवाणी धावत गेली असती.

नंदिनीबाईंचे डोळे भरून आले होते. "चूक माझी आहे, अरुणा," त्या म्हणाल्या. "एकदा तुझ्या घरी येऊन त्यांना भेटले असते तर... मी सल्ला दिला, चौकशी केली नाही."

"चूक माझी, बाई. मी त्यांच्याजवळ राहत होते," अरुणा म्हणाली, आणि वहाणा पायांत सरकवून बापूसोच्या मागं निघाली.

शिरोलीला पोचायला साडेपाच झाले. आत्ती बाहेरच्या खोलीत घोंगड्यावर पडून होत्या. ट्रंक घेऊन निघताना पाहिलेली आत्ती आणि ही आत्ती या जणू दोन निराळ्या बायका होत्या. मनगट तर बांगडीतून केव्हाही निसटून जाईल असं झालेलं.

"कोण?" त्यांनी अंधुक नजरेनं विचारलं.

"मी, आत्ती. पास झाले."

आत्ती उठून बसायची धडपड करू लागल्या. अरुणानं त्यांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि तिचा बांध फुटला.

"मला सांगितलं का नाही, आत्ती? एका शब्दानं तरी..."

"नेम कुणी बोलून दावतं व्हय गं?" आत्ती म्हणाल्या. "आन् सांगितलं असतं तर तू कालिज सोडलं असतंस. वळखत न्हाय का मी तुला?"

"मी तुम्हाला काय काय बोलले..."

"बोल्लीस ते बोल्लीस. माजंबी चुकलंच. तुज्या सासऱ्यानं जल्मभर सांगितलं, तोंडानं जरा ग्वाड बोलत जा. न्हाय जमलं." त्यांचा हात चाचपडत अरुणाच्या केसांवर आला. "जाताना 'जाऊ नको' म्हणाय पायजे हुतं मी. तोंडाशी आलतं. मग वाटलं, हितं ऱ्हाऊन पुन्यांदा नापास हुशील... जाऊ दे. अब्यास तरी हुईल."

अरुणानं डोळे पुसले आणि ती उठली. जाऊनं स्टो पेटवून दिला. दिवस मावळायला अजून अवकाश होता. तिनं ज्वारीची भाकरी थापली, मुगाची पातळ आमटी केली, वर तुपाचा थेंब सोडला. चार वर्षांनी तिच्या हातचं संध्याकाळचं ताट आत्तींच्या पुढं आलं. तिनं स्वतः घास मोडला आणि भरवला.

आत्तींनी पहिला घास खूप वेळ चावला. दुसरा घेतला. तिसऱ्याला त्यांनी तिचा हात धरला.

"बास गं."

"आत्ती, एवढंच? नेम सुटला आता. अजून थोडं घ्या, माझ्यासाठी."

"तुज्यासाठीच दोन खाल्लं," त्या ओशाळ्या आवाजात म्हणाल्या. "सांजची भूकच मेली बग. लागतच न्हाय आता."

अरुणा ताटाकडं बघत राहिली. बापूसो उठून बाहेर गेला आणि अंगणाच्या भिंतीकडं तोंड करून उभा राहिला.

त्या महिन्यात अरुणा कचेरीत रुजू झाली आणि आत्तींना पुन्हा शुक्रवार पेठेत घेऊन आली. पहिल्याच दिवशी ती साहेबांच्या खोलीत गेली आणि म्हणाली, मुलाखतीत मी एक खोटं बोलले होते, खरं तर माझ्या सासूनं मला शिकवलं. साहेबांना काही आठवेना. ते हसले आणि म्हणाले, बरं बरं, कामाला लागा.

डॉक्टर झाले, औषधं झाली, पथ्यपाणी झालं. त्यानंतर आत्ती तीन वर्षं जगल्या. कचेरी सुटली की अरुणा कुणाशी बोलायला थांबत नसे, दिवस मावळायच्या आत ती ताजी भाकरी करून त्यांच्यासमोर बसे. आत्ती दोन घास खायच्या, तिचं मन मोडू नये म्हणून. उरलेली भाकरी अरुणा त्यांच्या शेजारी बसून खायची, आणि तिसरा घास त्यांनी कधीच घेतला नाही.