शेवटची सायकल

आधीच सांगते. ही घडलेली गोष्ट आहे. खाली येऊन "ताई, धुक्यात भास झाला असेल" असलं काही लिहायचं नाही. मी अंबडला एका कंपनीत क्वालिटीला आहे. दिवसभर दुसऱ्यांच्या चुका पकडायच्या, हेच माझं काम. भास कुठला आणि डोळ्यांनी पाहिलेलं कुठलं, एवढं मला कळतं.

आणि हो, मी अजून चिडलेली आहे. तेव्हा गोड भाषेची अपेक्षा ठेवू नका.

मागच्या जानेवारीतला, संक्रांतीनंतरचा रविवार. सायखेड्याच्या पुढे गोदावरीच्या काठाला एक फाटा आहे, तिथली ही गोष्ट. गावाचं नाव लिहीत नाही. गावाचा काही दोष नाही.

आमचा सायकल ग्रुप आहे. तेव्हा मला त्यात येऊन सहाच महिने झाले होते. नाशिकहून नदीच्या कडेकडेने निघायचं, चांदोरीची पात्रातली देवळं बघायची, जुने घाट बघायचे आणि नांदूरमध्यमेश्वरला पक्षी बघून परतायचं, असा बेत होता. ग्रुप लांबला की मागच्यांचं वळण चुकतं. म्हणून प्रत्येक फाट्यावर लीडर एकाला उभं करतो. त्याने रस्ता दाखवायचा. सगळ्यात मागे जो असतो तो स्वीप. स्वीप येऊन "मागे कोणी नाही, चला" म्हणत नाही, तोवर फाट्यावरच्याने जागा सोडायची नाही. मग तो स्वीपच्या पुढे निघणार. आणि सगळे घरी पोचेपर्यंत स्वीपने मागे राहायचं.

त्या दिवशी स्वीप मी होते.

लीडर होता धनराज. मिशीला पीळ, गळ्यात कॅमेरा, आणि तोंडात सदानकदा "टेन्शन नका घेऊ ताई".

माझी भाची तृप्ती पहिल्यांदाच एवढ्या लांब आली होती. निघताना माझ्या बहिणीने, मीनाने, मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "उज्वला, पोरीला एकटी सोडू नकोस हं कुठे."

"मी आहे ना मागे," म्हटलं मी.

निफाडकडची थंडी तुम्हाला माहीत असेल. त्यात धुकं. पुढच्याचं चाक दिसेना. द्राक्षांना थंडी बाधू नये म्हणून बागांमधून शेकोट्या पेटवल्या होत्या, तो धूर वेगळाच.

सायखेड्याच्या अलीकडे दत्तूकाकांची सायकल पंक्चर झाली. ट्यूब बदलली, तीही फाटकी निघाली. शेवटी एका पिकअपवाल्याला थांबवून काकांना सायकलसकट बसवून दिलं. या सगळ्यात माझा बराच वेळ गेला.

तेवढ्यात धनराजचा फोन.

"ताई, आमचं घाटावरचं देऊळ बघून झालं. इथून नदीकाठच्या पायवाटेनेच पुढे चाललोय. तुम्ही आता फाट्यावर वळू नका, सरळ मोठ्या रस्त्याने या."

"बरं. फाट्यावर कोणाला ठेवलंयस?"

"फाट्यावर...? हां, त्या नव्या मुलीला."

"तृप्तीला? मग तिला घेतलंस ना सोबत?"

पलीकडून नुसती कॅमेऱ्याची खटखट.

"अरे, मी बोलतेय! ती अजून तिथेच उभी आहे का?"

"असेल की ताई. टेन्शन नका घेऊ."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पहिल्यांदा आलेली पोर, असल्या धुक्यात, अनोळखी फाट्यावर! तिचा फोन बॅगेत, आणि बॅग ग्रुपचं सामान वाहणाऱ्या धनराजच्या टेम्पोत. आणि हा गृहस्थ फोटो काढत पुढे निघून गेला. तोंडात येतील त्या शिव्या देत मी पायडल मारायला लागले.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

मग घंटी ऐकू आली...

ट्रिंग...

सायकलची घंटी. पुढून, धुक्यातून.

"तृप्ती!" मी ओरडले.

उत्तर नाही. परत एकदा... ट्रिंग.

फाटा आला. तृप्ती नव्हती.

तिच्या जागी, फाट्याच्या दगडापाशी, एक माणूस उभा होता. चाळिशीचा असेल. हातात सायकल धरलेली. अंगात आमच्याच ग्रुपची जर्सी, पण जुनी, निळी. आमची यंदाची केशरी होती. ती निळी जर्सी दवाने ओलीचिंब होती. मला वाटलं, कोणी जुना मेंबर असेल, धनराजनेच पाठवला असेल.

"स्वीप का?" त्याने विचारलं.

"हो. इथली मुलगी कुठे गेली?"

"मागे कोणी राहिलंय का?"

"मी काय विचारतेय? मुलगी कुठे आहे?"

त्याने घाटाच्या रस्त्याकडे हात केला. "तिला खाली पाठवलं. तिने इथे थांबू नये."

"कोणाला विचारून पाठवलंत? नियम माहीत नाही का तुम्हाला?"

हे मी त्याला बोलले. त्याला! आठवलं की अजून माझं मलाच कसंतरी होतं.

तो चिडला नाही. माझ्याकडे बघत राहिला. मग हळूच म्हणाला...

"लय उशीर केलात तुम्ही यायला."

त्याच्या तोंडून वाफ येत नव्हती. मी बोलत होते तर माझ्या तोंडून नुसते ढग निघत होते. हे माझ्या लक्षात आलं, पण डोक्यात फक्त तृप्ती होती. सायकल वळवली आणि सुसाट घाटाकडे उतरले.

घाटावर देवळाच्या पायरीवर पोर बसली होती. गारठलेली, पण धडधाकट. मला बघून रडायलाच लागली.

"मावशी, इथे कोणीच नाहीये गं! ते काका म्हणाले, इथली पाळी माझी आहे, तू जा. मी नाही म्हटलं तर इतके ओरडले माझ्यावर! जा म्हणाले, पहिली पळ इथून."

मी तिला जवळ घेतलं.

आणि वरून आवाज आला...

आधी ट्रॅक्टरचा. मग ब्रेकचा. मग काहीतरी प्रचंड कोसळल्याचा.

आम्ही धावत वर आलो. उसाची ट्रॉली उलटली होती. बरोबर फाट्यावर. ज्या दगडापाशी तो माणूस उभा होता, तिथे पुरुषभर उसाचा ढीग पडला होता.

"खाली माणूस आहे!" मी किंचाळले. "अहो, ऊस काढा! माणूस आहे खाली!"

ट्रॅक्टरवाला उडी मारून खाली आला. बागेतली माणसं शेकोट्या सोडून धावली. सगळ्यांनी मोळ्या उपसल्या. मीही उपसल्या, हात सोलून निघाले.

खाली कोणी नव्हतं. सायकलही नव्हती.

तृप्ती त्या दगडाकडे बघत राहिली. तासाभरापूर्वी त्याच दगडाला टेकून ती उभी होती.

बागेतून आलेल्या एका म्हातारीने आम्हाला शेकोटीपाशी नेलं. सिंधुबाई तिचं नाव. तृप्तीच्या अंगावर तिने स्वतःची घोंगडी टाकली.

"निळ्या कपड्यातला व्हता का?" तिने विचारलं.

मी मान हलवली.

"मागल्या साली बी हाच फाटा, अशीच ट्रॉली. सकाळपासून उभा व्हता बिचारा. ऊन वर आलं तरी हाय तिथंच. मी म्हणलं, बाबा, च्या तरी घे. तर म्हणे, नको आजी, शेवटची सायकल यायचीय, हालता यायचं नाय." तिने पदराने डोळे पुसले. "शेवटची सायकल काय आली नाय बाई. ट्रॉली आली."

मी तृप्तीला घोंगडीसकट जवळ ओढलं.

तेवढ्यात धनराज टेम्पो घेऊन आला. उतरता उतरता म्हणाला, "सापडली ना पोरगी? मी म्हटलं नव्हतं का, टेन्शन नका..."

"निळ्या जर्सीतला कोण होता, धनराज?"

त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"मागच्या वर्षी या फाट्यावर कोणाला उभं केलं होतंस?"

"यादवला," तो पुटपुटला. "अहो ताई, त्या दिवशी आयत्या वेळी परतीचा रस्ता बदलला. स्वीपला फोन करून वळवून घेतलं. यादवला सांगायचं राहून गेलं. मला वाटलं, कंटाळून जाईल घरी."

"कंटाळून? स्वीप आल्याशिवाय हलू नका, हे तूच सांगतोस ना सगळ्यांना? तो माणूस तुझा शब्द पाळत मेला! आणि आम्हा नव्यांना कोणाला पत्ता नाही! वर त्याच फाट्यावर माझ्या पोरीला उभी करतोस, आणि तिलाही विसरतोस?"

"उगाच वाढवू नका ताई. अपघात होता तो. मला उशीर होतोय."

आणि गेला! टेम्पोत बसून नाशिकच्या दिशेने चक्क निघून गेला. मी हातातलं हेल्मेट त्या टेम्पोवर फेकून मारलं. लागलं नाही, याचं आजही वाईट वाटतं.

हेल्मेट उचलायला मी फाट्याच्या दगडापाशी गेले. धुकं विरायला लागलं होतं. जवळपास कोणी नव्हतं.

ट्रिंग...

अगदी कानाजवळ.

मग तोच आवाज. तेवढाच शांत.

"मागे कोणी राहिलंय का?"

माझ्या अंगावर सर्रकन काटा आला. पण खरं सांगू? भीतीपेक्षा राग मोठा होता. मी "कोणी नाही, चला" एवढंच म्हणायला हवं होतं. तो वर्षभर तेवढ्याचीच वाट बघत होता.

मी म्हटलं, "सगळे आले, यादवदादा. फक्त धनराज राहिलाय."



मग सायकल चालल्याचा आवाज. पायडल थांबवलं की मागच्या चाकाची टिकटिक होते ना, ती. रस्ता रिकामा. टिकटिक मात्र माझ्यासमोरून गेली... टेम्पो गेला त्याच दिशेने.

त्याला आता बरेच महिने झाले.

गेल्या आठवड्यात धनराजचा फोन आला. आवाज ओळखू येईना.

"ताई, तो रोज पहाटे गेटपाशी उभा असतो. काही करत नाही. नुसती घंटी वाजवतो. मी बाहेर पडलो की मागून टिकटिक येते. मी ग्रुप सोडला, सायकल विकली, तरी येतो. ताई, तुम्ही स्वीप होतात. तुम्ही सांगितलं तरच तो हलेल. एकदा येऊन त्याला चला म्हणा ना."

"टेन्शन नको घेऊस," म्हटलं आणि फोन ठेवला. फार बरं वाटलं मला.

काल हे सगळं तृप्तीला सांगितलं. वाटलं, पोरगी टाळी देईल. तिने हात पुढे केलाच नाही. मग म्हणाली, "धनराजचं मरू दे गं मावशी. पण ज्या माणसाने मला तिथून घालवलं, त्याला तू परत उभं करून ठेवलंस?"

मी उठून सायकलवरची धूळ पुसायला लागले.

रात्रभर डोळ्याला डोळा लागला नाही. आत्ता पहाटे सायकल बाहेर काढली आहे, हवा भरली आहे. जाते मी. धनराजसाठी नाही, त्याच्यावरचा राग या जन्मात जाणार नाही. यादवदादासाठी जाते.

फक्त एक विचार सारखा येतोय, म्हणून निघायच्या आधी हे लिहून ठेवतेय. "चला" म्हटलं की तो माझ्या पुढे निघणार. आणि तो घरी पोचेपर्यंत मला त्याच्या मागे राहावं लागणार.

त्याचं घर आता कुठे आहे... हे मला माहीत नाही.