रक्तात नसलेला आजोबा

टाच टोचली तसं बाळ रडलं, आणि त्याच्याबरोबर प्रणोतीही. बाळाची ही आई अजून सतरा वर्षांची होती. तिच्या आईनं, मंगलताईंनी, एक हात लेकीच्या डोक्यावर आणि दुसरा नातीच्या पोटावर ठेवला. परिचारिकेनं रक्ताचा थेंब यंत्राच्या पट्टीवर टेकवला आणि म्हणाली, "झालं हं बाळा. दहा मिनिटांत तुझी सगळी माणसं कळतील."

वंशमेळ सुरू होऊन तीन वर्षं झाली होती. नवजात बाळाची जनुकं नोंदणीतल्या साऱ्या लोकांशी ताडून पाहायची आणि त्याचे आप्त शोधायचे, अशी ती पद्धत. आईबाप अठराच्या आतले असले, तर ते सज्ञान होईपर्यंत बाळाचा संगोपनभार दोन्हीकडच्या आजी-आजोबांवर येई. खर्च तर होताच. शिवाय आठवड्याचे बारा तास बाळाला स्वतः सांभाळायचं. मुलाकडच्यांनी हात झटकायचे दिवस त्या कायद्यानं संपवले होते.

भूपाल मगदूम हात झटकायला आलेच नव्हते. इचलकरंजीत यंत्रमाग दुरुस्त करणारा हा माणूस सकाळीच दुकान बंद करून, बायको सुवर्णा आणि मुलगा सन्मती यांना घेऊन रुग्णालयात हजर झाला होता. सन्मतीही सतराचाच. मूल आपलं आहे हे त्यानं पहिल्याच दिवशी कबूल केलं होतं.

थोड्या वेळानं वंशमेळ अधिकारी घोरपडेबाईंनी भूपालना एकट्यालाच खोलीत बोलावलं. बाईंची नजर संगणकाच्या पडद्यावरून हलेना.

"मगदूम, वडील म्हणून सन्मती जुळतोय. आजी म्हणून तुमच्या मिसेस जुळतायत. पण आजोबा..." त्या अडखळल्या. "आजोबा दुसरेच कोणी आहेत. तुमच्यावर भार येत नाही. घरी काही बोलायचं असेल, तर आमच्याकडे समुपदेशक आहेत."

भूपालना आधी कळेना, मग एकदम हसू आलं. "तसलं काही न्हाई हो बाई! लग्नाला आठ वर्षं झाली तरी मूल नव्हतं. दोष माझ्यात होता. डॉक्टरांनी अनोळखी दात्याचं बीज दिलं. सुवर्णाला सगळं ठाऊक हाय."

"आणि सन्मतीला?"

भूपालचं हसू मावळलं.

"तुम्ही गप्प राहिलात तर कायदा तुमच्याकडे पुन्हा येणार नाही," बाई म्हणाल्या. "भार त्या दात्यावर जाईल. तुम्हाला तो स्वेच्छेनं घेता येतो. पण मुलाची सही लागेल, आणि कारण वाचूनच त्याला सही करावी लागेल."

भूपाल बाहेर आले. सुवर्णानं नवऱ्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता हळूच म्हणाली, "सांगा आता."

जिन्याच्या पायरीवर सन्मती दोन्ही हातांत पाण्याची बाटली धरून बसला होता. भूपाल शेजारी टेकले आणि सांगून मोकळे झाले. मुलगा कितीतरी वेळ बाटलीचं झाकण उघडत होता, लावत होता.

"अण्णा, प्रणोतीचं कळलं तवा तुम्ही काय म्हणाला होता मला?"

"काय म्हणालो?"

"बाप व्हायचं असंल तर लपून चालत न्हाई."

भूपालनी मान खाली घातली. "व्हय. आणि सतरा वर्षं मीच लपलो. तुला कळलं तर तू मला अण्णा म्हणायचा बंद होशील, असं वाटायचं. चुकलंच माझं."

सन्मतीनं झाकण घट्ट लावलं. "न सांगता सुटला असता की तुम्ही."

"सुटून कुठं जाऊ? सकाळी काचेतनं बघितली तिला. तुझ्यासारखीच जांभई देतीय." त्यांनी नाक पुसलं. "बारा तासांनी काय होतंय? मला तर रोजच पाहिजे ती."

सन्मतीला हसू फुटलं आणि त्याच क्षणी रडूही आलं. तो बापाच्या खांद्याला टेकला. "मला अजून राग आलाय," तो तिथूनच म्हणाला.

"येऊ दे. हक्काचा हाय."

दोघं आत गेले. सन्मतीनं कारण दोनदा वाचलं आणि सही केली. आजोबांच्या रकान्यात भूपाल मगदूम हे नाव उमटलं. तेवढ्यात मंगलताई बाळाला घेऊन दारात आल्या. "धरा आजोबा, तुमची पाळी. माझे हात भरून आले." भूपालनी दुपट्यासकट नातीला मागाचा नाजूक भाग उचलावा तसं धरलं, आणि घोरपडेबाईंनाही हसू आवरेना.

"एक राहिलं," त्या सन्मतीकडे वळल्या. "दात्याला अजून काही कळवलेलं नाही. आता त्यांच्यावर जबाबदारीही नाही. पण नात झाल्याचं त्यांना कळवायचं का, हे कायद्यानं तूच ठरवायचं."

पडद्यावर दोनच शब्द होते: होय आणि नाही. सन्मतीनं बोट उचललं आणि ते तसंच थांबलं. त्यानं बापाकडे पाहिलं. भूपाल नातीला डोलवत होते.

"अण्णा," सन्मती हळूच म्हणाला, "त्या माणसाला स्वतःचं कोणीच नसंल तर?"