पोट चोळणारी

बाहेर धुळ्याचं ऊन अंग भाजत होतं, आणि सीटी स्कॅनच्या खोलीत मात्र शाल पांघरावी असा गारठा. पारोळ्याकडच्या पार्वताबाईंना डॉक्टर मृणालीने हट्टाने इथे आणवलं होतं. त्यांच्या अंगातलं रक्त सारखं कमी होत होतं. दुर्बिणीत काही सापडत नव्हतं, म्हणून सगळे पित्तावर बोट ठेवून मोकळे. मृणालीला संशय लहान आतड्याचा. तिथे गाठ क्वचितच होते आणि साधी दुर्बीण तिथवर पोचत नाही.

"पोट चोळून घेणं बंद, मावशी! आत गाठ असली तर फुटेल. मग माझ्याही हातात काही राहणार नाही."

"आते कोन चोळनार, माय?" पार्वताबाई हसल्या. "बेंबी बसाडनारी ताईबाई ते मरी गई. तिना हातले गुन व्हता."

हात डोक्यामागे घेऊन त्या मशीनमध्ये सरकल्या. जड दार लागलं. काचेअलीकडे तंत्रज्ञ रोनकने बटण दाबलं. पडद्यावर आतड्यांची वळणं उलगडू लागली, आणि एका वळणात गाठ लखकन उजळली.

"सापडली!" मृणाली उभीच राहिली.

रोनक पडद्याकडे वाकला. "मॅडम… त्यांचे हात वर आहेत ना?"

काचेपलीकडे हात वरच होते. पडद्यावर मात्र पोटाच्या कातडीवर बोटांची हाडं टेकलेली, बरोबर गाठीच्या वर.

"मशीनचा दोष असेल. परत घे!"

दुसऱ्या फेरीत बोटं कातडीवर नव्हती. ती आत होती, गाठीभोवती वळलेली.

स्पीकर खरखरला. पार्वताबाईंचा दबका आवाज आला, "ताईबाई… धीरे दाब ना वं… दुखस…"

मृणाली दार ढकलून धावली. आत पार्वताबाईंशिवाय कोणी नव्हतं. एरंडेलाचा उग्र वास कोंडला होता आणि पार्वताबाईंचं पोट कोमट तेलाने चपचपलेलं.

संध्याकाळी ऑपरेशन झालं. गाठ अखंड निघाली. "वेळेत आणलंत," सर्जन म्हणाले.

सकाळी मृणाली वॉर्डात गेली. पार्वताबाई गाढ झोपल्या होत्या, ओठांवर थोडी लाली. दोन्ही हात चादरीबाहेर, एकाला सलाईन. ती समाधानाने वाकली, तेवढ्यात तिला दिसलं… ताज्या टाक्यांवरची चादर सावकाश, गोल गोल हलत होती.

तिने चादरीचं टोक धरून ओढलं.

चादर आतून कुणीतरी घट्ट धरली होती.