तापलेलं दार

तो पदक घेऊन घरी आला त्या दुपारी ताटं वाढून तयार होती.

"दाजी, पदक लावूनच बसा जेवायला," मेहुणा म्हणाला. "त्यावर काही सांडलं तर ताई हौसेने पुसेल. शर्टावर सांडलं तर मात्र तुमची खैर नाही."

सगळे हसले. बायकोने आतून सांगितलं, "अहो, पोरीला हाक मारा जरा. कपडे बदलायला गेली ती गेलीच."

तो उठला. बोळाच्या टोकाशी तिची खोली. बाहेरच्या बाजूला उघडणारं दार घट्ट बसलेलं होतं. कडीला हात घालण्याआधी त्याने सवयीने हाताची मागची बाजू फळीला टेकवली. जहाजावर आगीच्या वेळी असंच करायचं. दार गार लागलं तर उघडायचं. तापलेलं असेल तर नाही. हवा आत शिरली की आग बाहेर झेपावते.

दार तापलेलं होतं.

त्या दिवशीही असंच होतं. इंजिनाच्या खोलीत दोघं राहिले होते, आतून दार ठोकत होते. तो खांदा लावून उभा राहिला. जहाज वाचलं, बाकीचे वाचले. ठोकणं थांबायला किती वेळ लागला, हे पदक देताना कुणी विचारलं नाही.

"बाबा," आतून दार ठोकत पोरीने हाक मारली. "दार अडकलंय..."

फटीतून जळक्या तेलाचा वास आला. बोळात अंधारून आल्यासारखं झालं. उघड, उघड, असं त्याचं मन आक्रंदत होतं. हात कडीवर होता. खांदा मात्र आपसूक दाराला जाऊन भिडला.

"बाबा... तुम्ही आहात ना तिथे?"

तो होता. पाय रोवून, सगळं अंग दारावर टाकून, रडत उभा होता. ठोकणं मंदावलं. मग थांबलं.

"अहो, काय करताय हे? सोडा..."

मेहुण्याने त्याला ओढून बाजूला केलं. बायकोने दोन्ही हातांनी दार खेचलं.

खोली गार होती. वास कसलाच नव्हता. नवे कपडे घालून, केस विंचरून पोर पलंगावर बसली होती.

आईने तिला पोटाशी धरलं. "भ्यालीस ना? मग हाका मारायची का थांबलीस गं?"

पोरीने बापाकडे पाहिलं नाही.

"ते दोघं काका म्हणाले, उगाच घसा कोरडा करू नकोस. तो उघडत नसतो."