नकाशातला चौथा ट्रॅक्टर

“शिडी हलवू नकोस, भोंग्या! मी पडले ना, तर तुझ्याच डोक्यावर पडेन!”

“पड की! तुझं वजन ते केवढं! कावळा बसला असं वाटेल मला!”

खारूताई शिडीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर उभी राहून भिंतीवरच्या गावाच्या नकाशाला कागदी झेंडा चिकटवत होती. कुठंही सरसर चढते म्हणून शाळेत तिला हे नाव पडलं होतं. खाली शिडी धरून उभा होता तो तिच्याच वर्गातला भोंगा. हळू बोलणं त्याला जमतच नसे. टेबलावर मांडी घालून झेंडे कापत बसली होती त्याची नऊ वर्षांची बहीण, शंका. तिचं नाव असं का पडलं, ते तिच्याशी दोन मिनिटं बोललं की कुणालाही कळायचं.

सुट्टी लागून चारच दिवस झाले होते आणि गावाच्या आपत्ती समितीच्या अध्यक्षांनी तिघांना हे काम दिलं होतं. पूर, आग किंवा वादळ आलं तर गावानं काय करायचं, याचा समितीनं एक आराखडा केला होता. गावाचे चार भाग, चार प्रमुख. प्रत्येक प्रमुखानं आपल्या भागाचा तक्ता भरून दिला होता. चालता न येणारी माणसं किती, त्यांना न्यायला वाहन कुठलं, न्यायचं कुठं, हे सगळं आता नकाशावर दाखवायचं होतं. उद्या वरच्या कार्यालयातून अधिकारीबाई येणार होत्या आणि त्यांच्यासमोर सराव होणार होता.

खारूताईनं नदीकाठच्या भागात एक पिवळा झेंडा लावला. पिवळा म्हणजे चालता न येणारं माणूस. हा झेंडा तिच्या आजोबांचा होता. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय गेले, तेव्हापासून ते खिडकीजवळच्या पलंगावर असत.

“आज सकाळी नदीचं पाणी पुलाच्या खांबावरच्या तिसऱ्या रेघेला लागलंय,” ती खाली उतरत म्हणाली. “काल दुसरीला होतं.”

“पण इथं तर एक थेंब नाही!” भोंगा म्हणाला.

“वरती डोंगरात तीन दिवस कोसळतोय. आजोबा म्हणतात, नदी वरचं ऐकते, आपलं नाही.”

शंकानं लाल झेंडे उचलले. लाल म्हणजे ट्रॅक्टर. “हे कुठं लावायचे?”

भोंग्यानं तक्ते वाचले. “नदीकाठ, सुतारकाकांचा ट्रॅक्टर. गिरणीचा भाग, दूध केंद्राचा ट्रॅक्टर. चढावरचा भाग, गॅरेजमधला ट्रॅक्टर. शाळेमागचा भाग, निळा ट्रॅक्टर. झाले चार!”

“आपल्या गावात चार ट्रॅक्टर आहेत?” शंकानं विचारलं. “मग मला नेहमी एकच का दिसतो?”

“तुझं लक्ष कुठं असतं!”

“तुला किती दिसतात?”

भोंगा बोटांवर मोजू लागला. नदीपलीकडच्या शेतांवर बरेच ट्रॅक्टर होते. पण पूर आला की पूल बंद होतो, म्हणून ते आराखड्यात धरायचे नव्हते. नदीच्या अलीकडचे कुठले?

“नाहीतरी ते कुठं उभे असतात ते लिहिलेलंच नाही,” खारूताई म्हणाली. “चला, बघूनच येऊ!”

सुतारकाकांच्या कारखान्यात रंधा चालू होता. कानावर पेन्सिल, भुवयांवर भुसा. नदीकाठचे प्रमुखही तेच.

“ट्रॅक्टर ना? आहे की माझा! पण सकाळी दुधाचे कॅन वाहायला केंद्रावर देतो. तिकडे बघा.”

दूध केंद्रावर खारूताईची आई रबरी बूट घालून फरशी धूत होती. “आमचा ट्रॅक्टर? आत्ताच गेला गं. गिअर अडकत होता, म्हणून मेकॅनिककडे पाठवला.”

“आमचा म्हणजे, आई? केंद्राचा स्वतःचा?”

“स्वतःचा कशाला? रोज येतो म्हणून आमचा! का गं, तोंड का उतरलं तुझं?”

खारूताई उत्तर द्यायला थांबलीच नाही. तिघं पळत गॅरेजमध्ये पोचली. मागं ट्रॉली जोडलेला एक ट्रॅक्टर बॉनेट उघडून उभा होता. त्याच्या खालून मेकॅनिकचे दोन पाय बाहेर आले होते.

“काका, हा सुतारकाकांचा?” खारूताईनं विचारलं.

“हो,” पायांकडून उत्तर आलं.

“दूध केंद्रावर जातो तोच?”

“तोच. आणि महिन्यातले निम्मे दिवस इथं मुक्कामाला असतो. चढावरचे लोक तर याला गॅरेजमधलाच ट्रॅक्टर म्हणतात!”

शंका ट्रॅक्टरभोवती एक फेरी मारून आली. धुळीवरून तिनं बोट फिरवलं. खालून रंग दिसला.

“दादा,” ती हळूच म्हणाली, “हा निळा आहे.”

“निळा?” भोंगा चक्क कुजबुजला.

चार प्रमुखांनी आपापल्या घरी बसून तक्ते भरले होते. ज्याला ट्रॅक्टर जसा माहीत, तसा त्यानं लिहिला होता. खोटं कुणीच लिहिलं नव्हतं. फक्त चारही तक्ते शेजारी शेजारी ठेवून कुणी वाचले नव्हते. खारूताईनं मनात बेरीज केली. चार भागांत मिळून एकतीस माणसं, आणि ट्रॅक्टर एक. त्या एकतिसांत आजोबा कितवे?

अध्यक्षकाका समितीच्या कार्यालयात पाहुण्यांसाठी खुर्च्या मांडून घेत होते.

“एकच ट्रॅक्टर? काहीतरीच! अरे, दरवर्षी सराव होतो आणि दरवर्षी ट्रॅक्टर वेळेवर येतो!”

“कारण नदीकाठचा सराव नऊला असतो, काका,” खारूताई म्हणाली. “गिरणीचा दहाला, चढावरचा अकराला, शाळेमागचा बाराला. एकच ट्रॅक्टर चारही ठिकाणी पोचतो!”

“त्याला शिस्त म्हणतात, बाळ.”

“पाणी पण वेळापत्रक बघून येतं का?” शंकानं विचारलं.

अध्यक्षांच्या कपाळावर आठी पडली. “आराखड्यावर चार प्रमुखांच्या सह्या आहेत! मोठ्यांच्या कामात नाक खुपसू नका. ती खुर्ची जरा डावीकडे घ्या बघू.”

दुपारी तिघं आजोबांच्या पलंगाभोवती बसली. खिडकीतून नदी दिसत होती, चहाच्या रंगाची आणि नको इतकी शांत.

सगळं ऐकून आजोबा हसले. “दरवर्षी सरावाला माझ्या जागी कोण असतं, माहीत आहे? भुश्शाचं पोतं! माझ्यापेक्षा हलकं, आणि तक्रार करत नाही. पोतं कोपऱ्यावर नेऊन ठेवतात, ट्रॉलीत टाकतात, टाळ्या वाजवतात. आपल्या गल्लीत ट्रॉली शिरत नाही, हे पोत्याला कुठलं कळायला!”

खारूताईला मात्र हसू आलं नाही. “आजोबा, उद्या खरंच पाणी आलं तर?”

आजोबांनी तिचा हात हातात घेतला. त्यांचा हातही थोडा गार होता. “भीती मलाही वाटते गं. पण नुसतं घाबरून बसलं की पायांसारखं डोकंही जागचं हलत नाही. सांगून पटत नसेल तर दाखवा. पण खोटं बोलून नाही हं! आणि चूक दाखवायला जाल, तेव्हा दुसरी वाट शोधूनच जा.”

“म्हणजे ट्रॅक्टर नसेल तर काय, ते?” भोंगा एवढ्यानं म्हणाला की शेजारची खिडकी उघडली. “हातगाड्या! गल्लीत शिरणाऱ्या!”

मग काय विचारता! संध्याकाळपर्यंत तिघांनी गाव पालथं घातलं. भाजीवालीची गाडी, भंगारवाल्याची गाडी, दूध केंद्राच्या कॅनच्या गाड्या, सुतारकाकांची फळ्या वाहायची लांब गाडी. एकूण चौदा! खारूताई प्रत्येक मालकाला विचारून वहीत लिहीत होती. गाडी कुणाची, ढकलणार कोण, न्यायचं कुणाला. आणि शंकाच्या शंका चालूच होत्या. “ही गाडी रात्री कुठं असते? हिचं चाक फिरतं का? तुम्ही गावाला गेलात तर कोण ढकलेल?” तिच्यामुळे दोन नावं खोडावी लागली आणि एका गाडीच्या चाकाला तेल मिळालं.

सकाळी पाणी चौथ्या रेघेच्या वर होतं. पुलावर अडथळे लावून रहदारी बंद केली होती.

अध्यक्षकाका नवा शर्ट घालून कार्यालयाच्या दारात उभे होते. खारूताई पुढं झाली.

“काका, चार तास त्या बाई उन्हात उभ्या राहणार का? चारही भागांची घंटा एकदमच वाजवली, तर अर्ध्या तासात आटपेल.”

“एकदम?” अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. “म्हणजे जेवणही वेळेवर! बघा, अशा सूचना करत जा. कालच्यासारख्या नकोत!”

त्यांना आपण कशाला हो म्हणालो ते कळलंच नाही. भोंग्यानं हसू दाबण्यासाठी दोन्ही हातांनी तोंड झाकलं.

दहा वाजता घंटा झाली. चार भागांतून चार निरोपे धावत सुटले. दुरुस्त झालेला ट्रॅक्टर सुतारकाकांनी चौकात आणला आणि चौघांनी तो एकदमच गाठला.

“गिरणीकडे चला!”

“आधी चढावर! तक्त्यात लिहिलंय!”

“अहो, निळा ट्रॅक्टर आमचा आहे!”

“तुमचा? माझा आहे हो, माझा!” सुतारकाका ओरडले. “आणि मी नदीकाठचा प्रमुख आहे!”

पाच मिनिटं गेली. दहा गेली. ट्रॅक्टर चौकातच धूर सोडत उभा. अधिकारीबाई एकदा घड्याळाकडे बघत होत्या, एकदा अध्यक्षांकडे. अध्यक्षांचा नवा शर्ट घामानं पाठीला चिकटला होता.

“बाकीचे तीन ट्रॅक्टर कुठं आहेत?” बाईंनी विचारलं.

“हा काय,” शंका बोट दाखवून म्हणाली.

“हा तर एक झाला. दुसरा?”

“हाच.”

“आणि तिसरा?”

“चारही हाच आहे, बाई!”

कुणीतरी फिस्सकन हसलं. पण तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा बदलला.

“वरच्या धरणाचे दरवाजे उघडलेत,” त्या म्हणाल्या. “सव्वा तासात पाणी इथं पोचेल. सगळ्यात आधी नदीकाठी. हा आता सराव नाही.”

अध्यक्षांनी हातातल्या तक्त्यांकडे पाहिलं. “पण... ट्रॅक्टर तर...”

“काका, हे बघा!” खारूताईनं वही पुढं केली. “नदीकाठी नऊ जण आहेत. चौघांच्या दारापर्यंत ट्रॉली जाते, ते ट्रॅक्टरनं. पाच जण गल्ल्यांत आहेत, त्यांना हातगाड्या. ढकलणाऱ्यांची नावं पुढं लिहिली आहेत. बाकीच्या भागांच्या हातगाड्या मागच्या पानावर आहेत.”

बाईंनी वही वाचली. “नावं वाचून कोण दाखवेल? सगळ्यांना ऐकू जायला हवं.”

“मी!” भोंगा ट्रॉलीवर चढला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कुणी हळू बोल म्हणालं नाही. एकेक नाव चौकातून गल्लीच्या टोकापर्यंत गेलं आणि एकेक गाडी खडखडत निघाली.

खारूताई आणि आई कॅनची गाडी घेऊन धावल्या. आजोबा उशाशी औषधांची पिशवी घेऊन तयार होते. गाडीवर गादी, गादीवर आजोबा. गल्लीच्या मध्यावर गटाराच्या झाकणात चाक रुतलं!

“ढकल, खारू!”

“ढकलतेय, आई! हलतच नाही!”

मागं नदीचा आवाज वाढला होता. खालच्या घाटाच्या पायऱ्या दिसेनाशा झाल्या होत्या. आजोबा म्हणाले, “मला इथं ठेवा आणि तुम्ही पुढं व्हा.”

“गप्प बसा, बाबा!” आई ओरडली. ती आजोबांवर कधीच ओरडत नसे.

तेवढ्यात कुणीतरी गाडीखाली खांदा घातला. नवा शर्ट चिखलात! अध्यक्षकाका होते. “एक, दोन, तीन!” चाक निघालं. चढाच्या वळणावर खारूताईनं मागं पाहिलं, तर गल्लीच्या तोंडाशी तांबडं पाणी आत वळत होतं.

शाळेच्या सभागृहात शंका दाराशी बसून यादीवर खुणा करत होती. “नदीकाठचे सात... आठ...” आजोबांची गाडी आत आली. “नऊ!” ती म्हणाली आणि मग एकदम रडायलाच लागली.

पाणी एक दिवस राहिलं. गिरणीच्या भागातली माणसंही संध्याकाळच्या आत वर आली. चढावर आणि शाळेमागं पाणी पोचलंच नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी खारूताई आईबरोबर घरी गेली. घरात घोटाभर चिखल होता. अध्यक्षकाका तिथं आधीच उभे होते, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडून. ते भिंतीकडे बघत होते. पाण्यानं भिंतीवर एक सरळ तपकिरी रेघ सोडली होती. आजोबांचा पलंग तिच्या बराच खाली होता. खारूताईनं उशीच्या जागेपासून रेघेपर्यंत हात लावून पाहिला. तो कोपरापर्यंत लागला.

अध्यक्षांनी त्या रेघेवर बोट टेकवलं. मग म्हणाले, “त्या दिवशी मी तुम्हांला खुर्ची सरकवायला लावली.”

“हो, काका.”

“आज दुपारी चारही प्रमुखांना एका टेबलाशी बसवतोय. तक्ते सगळ्यांसमोर मोठ्यानं वाचायचे. अधिकारीबाईंनी तुमची वही मागितली आहे. दुसऱ्या गावांना दाखवायची म्हणतात. पण आधी आम्ही ती नीट शिकणार आहोत.” “शिकवायला याल ना तिघं? खुर्च्या मी मांडतो.”

खारूताईनं आईकडे पाहिलं. आईनं डोळे पुसले आणि तिच्या हातात फावडं दिलं.

“येईल की! पण आधी हा चिखल काढू दे तिला. संध्याकाळी तिच्या आजोबांना घरी आणायचंय.”

“आणखी एक फावडं आहे का?” अध्यक्षांनी विचारलं.