बाराचा गट

विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. यातलं एक अक्षरही मी रचलेलं नाही.

गेल्या ऑगस्टमधला मंगळवार. भर दुपारी बारा वाजता. पेज गावाबाहेरच्या आमच्या अरुंद घळीत.

मी तिथे पर्यटकांना फिरवते. माझी मावसबहीणही फिरवायची. आम्ही नवाहो जमातीचे लोक मावसबहिणीला सख्खीच मानतो. मेमध्ये ती आजारपणात गेली. आमच्यात गेलेल्याचं नाव घेत नाहीत, म्हणून इथे तिला थोरलीच म्हणते.

बाराचा गट आठ वर्षं तिचा होता. कारण बारालाच वरच्या फटीतून उन्हाचा झोत खाली उतरतो. मला सकाळचे नऊ. नुसता अंधार आणि जांभया.

ती गेली, आणि बाराचा गट मला मिळाला. मी रडले. पण मनातून सुखावलेसुद्धा. खोटं कशाला बोलू?

त्या दिवशी सहा जण होते. घळीत शिरताच लाल टोपीवाल्या बाईने थोरलीचं नाव घेऊन विचारलं, "त्या नाहीत का? माझी बहीण म्हणाली होती, जायचं तर त्यांच्याबरोबरच जा."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"मेली ती!" मी म्हणाले. आणि तिचं नाव घेतलं... पूर्ण, आडनावासकट, मोठ्याने. "आता मी आहे. चला."

घळीत पारवे घुमत होते. ते एकदम गप्प झाले...

मी पुढे निघाले. झोताच्या वळणावर आम्ही फावड्याने वाळू उडवतो, म्हणजे फोटोत ऊन उठून दिसतं. मी वळणावर पोचले...

झोतात वाळू आधीच उडत होती.

फावडं भिंतीला टेकलेलं. पुढे कोणी नाही.

आणि मागून... हसण्याचा आवाज आला. सगळे पोट धरून हसत होते. मी धावत मागे गेले. मला पाहताच सगळे गप्प.

बाहेर पडल्यावर लाल टोपीवाली म्हणाली, "तुमची ती मागून येणारी जोडीदारीण फार गमतीची हो!"

"कोण?"

"निळ्या खड्यांच्या कड्यावाली. म्हणाली, धाकटीला सांभाळून घ्या, अजून शिकतेय."

ते कडं आम्ही तिच्या हातातच ठेवून तिला पुरलं होतं.

घरी मावशीला सांगितलं. तिचा चेहरा उतरला. "नाव घेतलंस?"

"घेतलं."

"म्हणजे तूच बोलावलंस तिला. अगं, अक्कल कुठे गेली होती? शुद्धीचा विधी होईपर्यंत तिकडे पाऊल टाकायचं नाही. बाराचा गट सोड."

"सोडायचा? आत्ता कुठे मिळालाय मला!"

"मेलेल्या बहिणीवर जळतेस?"

मी उठून आत गेले.

गट सोडला नाही. तेव्हापासून रोज त्या वळणावर गट मागे रेंगाळतो. रोज हसणं ऐकू येतं. माझ्या बोलण्यावर तसं कोणी कधीच हसलेलं नाही. भीती वाटते. पण जळफळाट त्याहून जास्त होतो.

काल एक म्हातारा बाहेर येऊन म्हणाला, "तुमची जोडीदारीण सांगत होती, उद्यापासून ती पुढे चालणार आणि तुम्ही तिच्या जागी मागे."

मावशी दाराशी बसून आहे. जाऊ नकोस म्हणतेय.

साडेअकरा वाजलेत. मी बूट घालतेय. गट माझा आहे.