पिंप कोण भरतं?

मिरजेच्या दंतबल प्रयोगशाळेत त्या सकाळी सगळ्यांचे डोळे चर्वणयंत्राच्या आकड्यावर होते. चर्वणयंत्र म्हणजे एक पोलादी जबडा. गेले एकोणीस महिने तो सेकंदाला दोनदा चावत होता, त्याला ना दसरा ना दिवाळी. दुपारच्या समारंभात दहा कोटी चावे पुरे व्हायचे होते. माणूस वर्षाला दहा लाख वेळा चावतो असं धरलं, तर ही शंभर वर्षांची चावणी. आणि त्याखालचा कृत्रिम दात झिजायचं सोडून अडीचपट मजबूत झाला होता!

डॉ. शाल्मली कित्तूरचे पाय जमिनीवर नव्हते. हा 'अक्षयदंत' तिचा. जाहिरात करायची तर आधी आपण चावून बघावं, म्हणून एक तिनं स्वतःच्या दाढेच्या जागीही बसवून घेतला होता.

तार पुन्हा पुन्हा वाकवली की तुटते, कारण धातू थकतो. जबड्यात रोवलेले जुने कृत्रिम दात असेच थकून मोडायचे. अक्षयदंताची हाडात रोवलेली खुंटी मात्र थकत नसे. चावताना तिला केसाएवढी चीर पडली की त्या चिरेत किंचित वीज निर्माण होई आणि ती भोवतालच्या द्रवातलं कॅल्शियम ओढून घेई. चीर बुजायची, वर एक जादा थर बसायचा. एकूण काय, जितका चावाल तितका पक्का.

तेवढ्यात शिरोळहून रत्नाक्का चौगुले आल्या, काखेत उसाची मोळी घेऊन. सत्त्याहत्तर वर्षांच्या या बाईच्या तोंडात दोन वर्षांपूर्वी अठ्ठावीस अक्षयदंत बसले होते. असे दात बसवलेलं हे पहिलं माणूस. आज मंचावर त्या दातांनी ऊस सोलून दाखवणार होत्या, आणि शाल्मलीला सांगून झालं होतं की कांडं शेंड्याकडचं नाही, बुडख्याकडचं टणकच घेणार.

बोलता बोलता त्यांनी सुनेची कागाळी केली. तिनं म्हणे गुळाच्या डब्याची फळी वर सरकवली होती, म्हातारीला गूळ मिळू नये म्हणून. सून शपथा घेत होती, फळीला हात लावला नाही म्हणून. शाल्मली हसली, आणि हसता हसता थांबली.

तिनं आक्कांना भिंतीशी उभं करून उंची मोजली. दोन वर्षांत त्या चार बोटं कमी झाल्या होत्या. मग पाठीचा एक्स-रे फोटो काढला. मणके चहात बुडवलेल्या बिस्किटासारखे दबले होते.

यंत्राशेजारी कॅल्शियमच्या पाण्याचं पिंप असे. सकाळी जो पहिला येईल त्यानं ते भरायचं, अशी रीत होती. आज तिनंच भरलं होतं. दहा कोटी चावे एकेक करून मोजले गेले, पण पिंपात किती पाणी ओतलं हे कुणी लिहून ठेवलं नव्हतं. पाणी भरणं हा काय प्रयोग आहे? रत्नाक्कांचं पिंप कोण भरत होतं, ते आता समोरच्या फोटोत दिसत होतं. दात रक्तातून घेत होते आणि रक्त हाडांतून.

तिला रडू आलं. तिनं काहीही न लपवता आक्कांना सगळं सांगितलं. आक्कांनी ऊस खाली ठेवला.

"काढता येत्यात का?"

"नाही, आक्का. इतके पक्के झालेत की जबडा फुटेल."

"मग नुसता मऊ भातच खाते की."

"त्यानंही थोडं जाणारच. नुसता आवंढा गिळला तरी दातावर दात बसतो. दिवसातून हजारदा तरी."

आक्कांनी उसाची मोळी भिंतीकडे सारली. मग म्हणाल्या, "बाई, माझं वय झालंय. पर अजून कुणाकुणाच्या तोंडात हाईत हे?"

चार हजार लोकांच्या. त्यात तिशी-चाळिशीतले कितीतरी, आणि ती स्वतः. आजच्या समारंभानंतर लाखभर लोकांच्या तोंडात जायचे होते.

"मग ते सांगा जावा समद्यांस्नी," आक्का म्हणाल्या. "मी येते संगं."

दोघी मंचावर गेल्या तेव्हा पडद्यावरचा आकडा दहा कोटींवर पोचला. टाळ्यांचा कडकडाट झाला. शाल्मली माइकपाशी उभी राहिली आणि तिच्या ध्यानात आलं, की मघापासून आपण दात घट्ट आवळून धरलेत. शेजारी आक्का उभ्या होत्या, दात दातांना लागू नयेत म्हणून तोंड किंचित उघडं ठेवून. शाल्मलीनंही हळूच जबडा सैल सोडला.

पहिला शब्द उच्चारायच्या आत फोटोवाले पुढे धावले. दोघी इतक्या छान हसताहेत, असा क्षण त्यांना हातचा जाऊ द्यायचा नव्हता.